ट्यूडर काळातल्या कॅथलिक हुतात्म्यांवर लिहिणाऱ्यांना खुले पत्र: आधी कायदा सांगा

प्रति,
मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचे संपादक, धर्मशिक्षणाच्या पुस्तिका तयार करणाऱ्या समित्या आणि धर्मग्रामांतील नाट्यमंडळे यांस

सप्रेम नमस्कार.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर मराठीत लेख लिहायचा म्हटले की ‘ख्रिस्तपुराणा’कडे वळण्याआधी एक परिच्छेद ठरलेला असतो. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिकांचा छळ चालू होता, धर्मगुरूंना पकडून ठार मारत, म्हणून स्टीफन्स देश सोडून रोमला गेले आणि तिथून गोव्याला आले. तीन ओळींत इंग्लंडवर ट्यूडर घराण्याचे राज्य असलेले सोळावे शतक आटोपते. नाटकात तर त्याहून घाई होते. आठवा हेन्री, एलिझाबेथ, तुरुंग आणि खांबाला बांधून जाळणे हे सगळे एकाच प्रवेशात उरकले जाते. हे पत्र त्या परिच्छेदाबद्दल आणि त्या प्रवेशाबद्दल आहे.

आमची मागणी एकच आहे. या धर्मगुरूंची गोष्ट सांगताना त्यांना कोणत्या साली, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या आरोपावरून मारले, हे आधी सांगा. आम्ही धर्मासाठी मरतो आहोत, असे ते म्हणत होते. यांना राजद्रोहासाठी मारतो आहोत, असे सरकार म्हणत होते. सगळा झगडा याच प्रश्नावर होता. कायदा गाळला की एक दुष्ट राणी आणि काही सज्जन पाद्री एवढीच गोष्ट शिल्लक राहते. मग वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने ‘पण ते तर देशद्रोही ठरले होते ना?’ असे विचारले, तर शिक्षकाकडे उत्तर नसते. उत्तर आहे, आणि ते चांगले भक्कम आहे. ते कायद्याच्या कलमांत दडलेले आहे.

सुरुवात हेन्रीपासून करू. १५३४ च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटने राजाला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवले. त्यापाठोपाठ राजद्रोहाचा नवा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १५३५ पासून राजाची ही पदवी दुष्ट हेतूने, नुसत्या शब्दांनी नाकारणे हाही राजद्रोह झाला. आधी राजद्रोहाला काहीतरी कृती लागत असे, आता तोंडातून निघालेले वाक्य पुरेसे होते. लंडनच्या चार्टरहाउस मठाचे प्रायर (मठप्रमुख) जॉन हाउटन, बोव्हेलचे रॉबर्ट लॉरेन्स आणि ॲक्सहोमचे ऑगस्टिन वेबस्टर हे कार्थूसियन मठसंघाचे तिघे आपणहून राजाचे मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्याकडे गेले, ही पदवी मान्य करण्याच्या शपथेतून सूट मागितली आणि लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगात जाऊन पडले. ४ मे १५३५ रोजी सायन मठाचे रिचर्ड रेनॉल्ड्स आणि आयलवर्थचे व्हिकर जॉन हेल यांच्यासह त्यांना लंडनच्या टायबर्न या मृत्युदंडाच्या जागी नेले. मठवासीयांच्या अंगावर त्यांचा मठाचा झगा तसाच ठेवला होता. धर्मगुरूला मारायचे तर आधी त्याचे पुरोहितपद विधिपूर्वक काढून घ्यायची जुनी रीत होती, ती पाळली गेली नाही. लोकांनी ते पाहिले आणि त्याचा अर्थ त्यांना नीट कळला. हाउटन यांचा एक हात पुढे त्यांच्याच मठाच्या दारावर टांगण्यात आला.

चार्टरहाउसचे प्रकरण इथे संपत नाही, आणि मराठी लेखांत ते नेमके इथेच सोडून दिले जाते. १५३७ च्या मे महिन्यात उरलेल्यांपैकी दहा जणांना न्यूगेटच्या तुरुंगात नेऊन उभ्याने साखळदंडांत जखडले आणि उपाशी ठेवले. खटला नाही, शिक्षेचा हुकूम नाही. थॉमस मोर यांच्या घरात मुलीसारखी वाढलेली मार्गारेट क्लेमेंट गवळणीच्या वेशात आत जायची, त्यांच्या तोंडात घास भरवायची आणि त्यांना स्वच्छ करायची. हे लोक अजून कसे जगले, अशी वरून विचारणा झाल्यावर पहारेकरी घाबरला आणि तिचे येणे बंद झाले. नऊ जण तिथेच गेले. दहावे विल्यम हॉर्न ४ ऑगस्ट १५४० रोजी टायबर्नला मारले गेले. १५३५ ते १५४० या काळात कार्थूसियनांपैकी अठरा जणांचा अंत झाला. नाटक करायचेच असेल तर या मार्गारेटवर करा. तिच्यासाठी ना मोठा दरबार लागतो, ना जळती चिता.

जाळण्याबद्दल आता सांगतो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. जाळणे ही पाखंडाची शिक्षा होती. राजद्रोहाची शिक्षा फाशी, आतडी काढणे आणि चार तुकडे करणे अशी होती. कॅथलिक धर्मगुरूंना राजद्रोही ठरवले जाई, म्हणून त्यांना सहसा जाळले गेले नाही. जाळले ते एलिझाबेथच्या आधीच्या कॅथलिक राणी मेरीच्या काळात, १५५५ ते १५५८ दरम्यान, सुमारे २८० प्रोटेस्टंटांना. ठळक अपवाद म्हणजे फ्रान्सिस्कन जॉन फॉरेस्ट. त्यांना पाखंडी ठरवून २२ मे १५३८ रोजी लंडनच्या स्मिथफील्डला जाळले, आणि त्या आगीत वेल्समधून आणलेली संत डेर्फेल गडार्न यांची लाकडी मूर्तीही घातली. हा फरक एकाच दिवशी एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर ३० जुलै १५४० घ्या. स्मिथफील्डला त्या दिवशी सहा धर्मगुरू मारले गेले. थॉमस एबल, रिचर्ड फेदरस्टोन आणि एडवर्ड पॉवेल या तीन कॅथलिकांना राजाची पदवी नाकारली म्हणून फासावर चढवून त्यांचे तुकडे केले. रॉबर्ट बार्न्स, विल्यम जेरोम आणि थॉमस गॅरेट या तीन सुधारणावाद्यांना पाखंडी म्हणून जाळले. हेन्रीच्या धोरणावर चार पाने खर्च करण्यापेक्षा या एका दिवसाचे चार परिच्छेद लिहिलेत तर मुलांना सगळे समजेल. टॉवरमधल्या बोशां बुरुजाच्या भिंतीवर एबल यांनी कोरलेली घंटा आणि तिच्यावरचे ‘ए’ हे अक्षर आजही दिसते; ‘ए’ आणि ‘बेल’ (घंटा) मिळून त्यांचे नाव होते.

दुसरी चूक म्हणजे एलिझाबेथ गादीवर आली आणि धर्मगुरूंची कत्तल सुरू झाली, असे लिहिणे. ती १५५८ मध्ये राणी झाली. १५५९ च्या कायद्याने रविवारी सरकारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता, आणि बरीच वर्षे कारभार दंडावरच भागला. उत्तरेतल्या बंडात सामील झालेले फादर थॉमस प्लमट्री यांना १५७० च्या जानेवारीत डरहमला फाशी दिली. पण परदेशी सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) शिकून आलेला पहिला धर्मगुरू मारला गेला तो ३० नोव्हेंबर १५७७ रोजी, कॉर्नवॉलमधल्या लॉन्स्टनला. त्याचे नाव कथबर्ट मेन. म्हणजे राज्य सुरू झाल्याला एकोणीस वर्षे उलटली होती. या एकोणीस वर्षांत काय बदलले, ते सांगितल्याशिवाय पुढचे काही कळत नाही.

दोन गोष्टी बदलल्या. १५६८ मध्ये विल्यम ॲलन यांनी फ्लँडर्समधल्या डुए येथे इंग्रज तरुणांसाठी सेमिनरी काढली. मेरीच्या काळातले जुने धर्मगुरू म्हातारे होत चालले होते, आणि ते संपले की इंग्लंडमधला कॅथलिक धर्मही आपोआप संपेल, या भरवशावर सरकार थांबले होते. डुएने तो हिशेब उधळला. १५७४ पासून तिथले नवे धर्मगुरू इंग्लंडमध्ये उतरू लागले आणि एलिझाबेथच्या काळात असे चारशेहून अधिक जण तिथे पोचले. दुसरी गोष्ट पोप पायस पाचवे यांचे २५ फेब्रुवारी १५७० चे फर्मान. त्यात एलिझाबेथला पदच्युत ठरवले होते आणि प्रजेला तिच्याशी असलेल्या निष्ठेतून मोकळे केले होते. हा मजकूर लेखांतून सर्रास गाळला जातो. गाळू नका. इंग्लंडमधल्या कॅथलिकांची खरी कोंडी या फर्मानाने केली. राणीशी निष्ठा आणि पोपशी निष्ठा या दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी पाळता येणार नाहीत, असे आता दोन्ही बाजूंच्या कागदांवर लिहिलेले होते.

त्यानंतर कायदे भराभर आले. १५७१ मध्ये पोपची फर्माने देशात आणणे राजद्रोह ठरले. मेन यांच्यावरच्या आरोपांत असा एक कागद होता. १५८१ मध्ये चर्चला न जाण्याचा दंड १२ पेन्सवरून महिन्याला २० पौंडांवर नेला. लंडनमधल्या कुशल कारागिराची वर्षभराची कमाईही एवढी नव्हती. महिना २८ दिवसांचा धरत, म्हणजे वर्षाला तेरा दंड आणि २६० पौंड. त्याच कायद्याने कोणालाही राणीच्या निष्ठेपासून वळवून रोमच्या धर्मात घेणे राजद्रोह केला, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करणाऱ्याला २०० मार्क व वर्षभर कैद आणि मिस्सा ऐकणाऱ्याला १०० मार्क व वर्षभर कैद ठेवली. एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश.

आता एडमंड कॅम्पियन यांच्याकडे येऊ, कारण मराठीत एक नाव माहीत असते ते त्यांचे. ते येशूसंघीय, म्हणजे जेझुइट. जून १५८० मध्ये रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेशात डोव्हरला उतरले. जून १५८१ मध्ये त्यांच्या लॅटिन पुस्तिकेच्या प्रती ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमधल्या बाकांवर सकाळी ठेवलेल्या सापडल्या. ती पुस्तिका स्टोनर इथल्या घरात लपवलेल्या छापखान्यात छापली होती. जुलैत लायफर्ड ग्रेंज या घरी ते पकडले गेले. जॉर्ज एलियट पूर्वी कॅथलिक घरांत नोकरीला होता आणि या घरच्या स्वयंपाक्याशी त्याची ओळख होती. त्या ओळखीवर तो रविवारच्या मिस्सेला आत शिरला, बाहेर पडला आणि शिपाई घेऊन आला. दिवसभर झडती होऊनही काही मिळाले नाही. शेवटी जिन्यावरच्या भिंतीत उजेडाची एक फट एकाच्या नजरेस पडली आणि तिथे पहार घातली गेली.

कॅम्पियन यांच्यावर १५८१ चा ताजा कायदा लावता आला असता. सरकारने तो लावला नाही. १३५२ चा, तिसऱ्या एडवर्डच्या काळातला जुना राजद्रोहाचा कायदा काढला आणि रोम व फ्रान्समधले रेंस इथे राणीच्या खुनाचा कट केल्याचा आरोप ठेवला. नवा कायदा लावला तर हा धर्माचा खटला आहे हे जगाला दिसले असते. जुन्या कायद्याखाली तो नेहमीचा राजद्रोह दिसत होता. पुरावा मात्र फारच कच्चा होता. त्याच गटातल्या जॉन कॉलिंग्टन यांनी रेंसला कट केला म्हणे, पण एका वकिलाने उभे राहून सांगितले की त्या दिवशी हा गृहस्थ माझ्याबरोबर लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत होता. कॉलिंग्टन सुटले, बाकीचे दोषी ठरले. कॅम्पियन यांना टॉवरमध्ये रॅकवर, म्हणजे हातपाय बांधून ओढण्याच्या यंत्रावर, ताणले होते. आरोप वाचल्यावर आरोपीने हात वर करायचा असतो, तो त्यांना उचलता येईना. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याने बाहीतून त्यांचा हात बाहेर काढला, त्याचे चुंबन घेतले आणि वर धरला. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात यातनेला जागा नव्हती. त्यासाठी प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाचा, खास हुकूम काढावा लागे, आणि तसे हुकूम काढले जात. १ डिसेंबर १५८१ रोजी राल्फ शेरविन आणि अलेक्झांडर ब्रायंट यांच्यासह त्यांना टायबर्नला मारले.

कटाचे असे खटले सरकारला महाग पडू लागले. साक्षीदार लागत, ते उलटत, आणि युरोपभर पुस्तिका छापल्या जात. राणीचे प्रमुख मंत्री लॉर्ड बर्ली यांनी १५८३ मध्ये सरकारची बाजू मांडणारी पुस्तिका काढली, ॲलन यांनी १५८४ मध्ये तिला उत्तर दिले. मग १५८५ चा कायदा आला. पाठ करून ठेवावा असा कायदा कोणता, असे विचारलेत तर आम्ही याचे नाव घेऊ. २४ जून १५५९ नंतर रोमच्या अधिकाराखाली पुरोहितदीक्षा घेतलेल्या राणीच्या कोणत्याही प्रजाजनाने ४० दिवसांत देश सोडायचा. त्यानंतर तो इंग्लंडच्या भूमीवर सापडला, तर सापडणे हाच राजद्रोह. त्याला घरात ठेवणाऱ्याला फाशी. आता कटही नको, साक्षही नको आणि फर्मानाचा कागदही नको. माणूस राणीच्या राज्यात जन्मलेला, परदेशात दीक्षा घेतलेला आणि आज इथे उभा, एवढे सिद्ध झाले की काम झाले. म्हणून यानंतरच्या खटल्यांत धर्मगुरू ‘मी पुरोहित आहे’ असे पटकन कबूल करत नाहीत. सिद्ध करा, म्हणतात. आपल्या नाटकांत ते छाती काढून पहिल्याच प्रवेशात कबुली देतात. तसे करणे म्हणजे ज्या घरांनी आसरा दिला त्या घरांना फासावर पाठवणे होते.

त्या चुणचुणीत मुलाला द्यायचे उत्तर हेच. १५८५ नंतर पुरोहित असणे आणि मायदेशी येणे यापलीकडे कोणतेही कृत्य सिद्ध न करता माणसाला राजद्रोही ठरवता येत होते. येशूसंघीय रॉबर्ट साउथवेल याच कायद्याखाली मेले. ते १५९२ मध्ये हॅरोजवळ पकडले गेले, कॅथलिकांना हुडकून यातना देणारा सरकारी माणूस रिचर्ड टॉपक्लिफ याने आपल्या राहत्या घरात त्यांना भिंतीला हातांनी टांगले, आणि २१ फेब्रुवारी १५९५ रोजी त्यांना टायबर्नला नेले.

पण उत्तराची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगा. रिडॉल्फी, थ्रॉकमॉर्टन, बॅबिंग्टन हे राणीविरुद्धचे कट खरे होते. १५८८ मध्ये स्पेनचे आरमार खरोखर आले, आणि त्या वर्षी धर्मगुरू व सामान्यजन मिळून तीसच्या आसपास कॅथलिक मारले गेले. पोपचे सैन्य उतरले तर तुम्ही कोणाच्या बाजूने लढाल, असा प्रश्न १५८१-८२ पासून कैद्यांना विचारला जाई. त्याला सुरक्षित उत्तर नव्हते. पण ज्या सरकारसमोर ते फर्मान होते, त्याला हा प्रश्न का पडला हे समजण्यासारखे आहे. जॉन बॅलर्ड हे धर्मगुरू बॅबिंग्टनच्या कटात खरोखर सामील होते आणि २० सप्टेंबर १५८६ रोजी मारले गेले. त्यांचे नाव कोणत्याही धन्यवादितांच्या (संतपदाच्या आधीची पायरी मिळालेल्यांच्या) यादीत नाही. चर्चनेच ही निवड केली आहे. आपल्या लेखांनी ती पुसून सगळ्यांना एका माळेत ओवू नये.

आयर्लंडचे एक प्रकरण इथे जोडा, ते फार काही शिकवून जाते. कॅशेलचे आर्चबिशप डर्मट ओहर्ली १५८३ मध्ये पकडले गेले. पायांत बूट घालून ते उकळत्या तेलाने भरण्याची यातना त्यांना दिली. न्यायाधीशांचे म्हणणे पडले की त्यांच्यावर ठेवलेली कृत्ये परदेशात घडलेली आहेत आणि आयर्लंडच्या कायद्यात त्यासाठी राजद्रोह बसत नाही. तेव्हा लष्करी कायदा लावून जून १५८४ मध्ये डब्लिनला त्यांना फाशी दिली. इंग्लंडमध्ये माणूस बसेल असा कायदा बनवला जात होता. इथे कायदा आड आला तर तो बाजूला सारला.

आकड्यांबद्दल. ‘ट्यूडर काळातले चाळीस हुतात्मे’ असे लिहिलेले आढळते. पोप पॉल सहावे यांनी २५ ऑक्टोबर १९७० रोजी चाळीस जणांना संतपद दिले, हे खरे. पण ते चाळीस १५३५ ते १६७९ या काळातले आहेत. त्यातले पाच हेन्रीच्या काळातले, वीस एलिझाबेथच्या काळातले आणि पंधरा त्यानंतरच्या, म्हणजे स्टुअर्ट घराण्याच्या काळातले. ट्यूडर काळातल्या पंचवीसांपैकी धर्मगुरू अठरा; सात सामान्यजन, त्यांत मार्गारेट क्लिथरो, मार्गारेट वॉर्ड आणि ॲन लाइन या तीन स्त्रिया. धर्मगुरूंसाठी लपण्याच्या जागा बांधणारे निकोलस ओवेन ट्यूडर काळात राबले, पण १६०६ मध्ये पहिल्या जेम्सच्या राज्यात टॉवरमध्ये मेले, म्हणून ते त्या पंधरांत येतात. जॉन फिशर आणि थॉमस मोर या चाळीसांत नाहीतच. त्यांना १९३५ मध्ये संतपद मिळाले. धन्यवादितांच्या मोठ्या याद्या चार आहेत: १८८६ ला ५४, १८९५ ला ९, १९२९ ला १३६ आणि १९८७ ला ८५. त्यातले काही पुढे संत झाले, आणि याद्यांत स्टुअर्ट काळातलेही आहेत, म्हणून या आकड्यांची सरळ बेरीज करून ‘ट्यूडर हुतात्मे इतके’ असे लिहू नका. एलिझाबेथच्या काळात मारल्या गेलेल्या धर्मगुरूंसाठी सव्वाशेच्या आसपास हा आकडा सुरक्षित आहे. त्यांतले शेवटचे विल्यम रिचर्डसन, १७ फेब्रुवारी १६०३; पाच आठवड्यांनी राणीही गेली.

तारखांत दोन खड्डे आहेत. इंग्लंडने १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग ठेवले, रोम, स्पेन, पोर्तुगाल १५८२ मध्येच नव्या पंचांगावर गेले. तेव्हापासून दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडतो. इंग्लंडमधली घटना इंग्रजी तारखेनेच द्या, आणि रोममधल्या किंवा गोव्यातल्या पत्राशी जुळवताना हा फरक लक्षात ठेवा. शिवाय इंग्लंडचे सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून साउथवेल यांचे वर्ष जुन्या कागदांत १५९४ दिसते. ते चुकीचे नाही, आपल्या मोजणीने १५९५ आहे. मार्गारेट क्लिथरो यांना गुड फ्रायडेला मारले असे पुष्कळ ठिकाणी छापतात. त्या २५ मार्च १५८६ रोजी गेल्या, तो शुक्रवार होता हे बरोबर. पण त्या वर्षी इंग्लंडमध्ये ईस्टर ३ एप्रिलला होता, म्हणजे गुड फ्रायडे १ एप्रिलला. यॉर्कमधल्या या खाटकाच्या पत्नीने धर्मगुरूंना आसरा दिला होता. साक्ष द्यायला आपल्याच मुलांना उभे करतील म्हणून तिने आरोपावर उत्तर देण्यास नकार दिला. त्याची शिक्षा म्हणजे पाठीखाली धारदार दगड, अंगावर दार आणि दारावर सात-आठ हंड्रेडवेट वजन, सुमारे साडेतीनशे ते चारशे किलो. पाव तासात सारे संपले.

नाट्यमंडळांसाठी काही कामाच्या गोष्टी. झगा घालून फिरणारा धर्मगुरू एलिझाबेथच्या काळात दाखवू नका. ते व्यापारी, शिपाई, नोकर किंवा घरचा कारभारी म्हणून वावरत. मेन हे कॉर्नवॉलमधल्या ट्रिजियन या कॅथलिक जमीनदारांच्या घरी कारभारी म्हणून राहत होते. मिस्सेला लागणाऱ्या वस्तू लपवता येतील अशा असत: सुटा होणारा लहान चषक, वेदीचा छोटा सपाट दगड, घडी होऊन पिशवीत मावणारी पातळ वस्त्रे. मिस्सा पहाटे, आतल्या खोलीत, आणि लगेच आवराआवर.

लपण्याच्या जागा हा तर स्वतंत्र विषय आहे. ओवेन सुतार होते. दिवसा लोकांदेखत घरात किरकोळ दुरुस्ती करायची, म्हणजे ठोकाठोकीचा संशय येत नाही, आणि रात्री एकट्याने खरे काम करायचे. एक जागा सापडली तरी तिच्यावरून दुसरी ओळखता येऊ नये म्हणून प्रत्येक जागा वेगळ्या धर्तीची. झडती घेणारेही कच्चे नव्हते. खोलीची आतली आणि भिंतीची बाहेरची मापे घेऊन ताळा पाहत, लाकडी तावदाने ठोकत, फरशी उचकटत, आणि काही मिळाले नाही तर दिवसचे दिवस बसून राहत. जागा सहसा हुडकली जाई ती दोन कारणांनी: घरातला माणूस फुटला, किंवा आतल्या माणसाला भुकेने बाहेर यावे लागले. १५९४ च्या ईस्टरला एसेक्समधल्या ब्रॅडॉक्स या घरात येशूसंघीय जॉन जेरार्ड चार दिवस अशा जागेत होते, जवळ दोन-तीन बिस्किटे आणि थोडा फळांचा मुरंबा. १५९१ च्या ऑक्टोबरमध्ये बॅडस्ली क्लिंटन या घराच्या तळघरवजा भुयारात येशूसंघाचे वरिष्ठ हेन्री गार्नेट, साउथवेल, जेरार्ड आणि आणखी काही जण पाण्यात पाय बुडवून चार तास उभे होते. असा प्रवेश रंगमंचावर अंधार आणि पावलांचे आवाज एवढ्यावर उभा राहतो.

शिक्षेचे दृश्य दाखवू नका, पण ते चुकीचेही सांगू नका. घोड्यामागे बांधलेल्या कुडाच्या ताटीवर निजवून टॉवरपासून टायबर्नपर्यंत सुमारे सहा किलोमीटर ओढत नेत. टायबर्नला १५७१ पासून तीन खांबांवर तीन आडव्या तुळया असलेला त्रिकोणी फास होता. कायद्याने जिवंतपणीच दोर कापायचा असे. मग पोट फाडणे, शिर तोडणे, चार तुकडे. प्रत्यक्षात किती वेळ लटकू द्यायचे, ते जमलेल्यांवर आणि अधिकाऱ्यावर अवलंबून राही. साउथवेल यांच्या वेळी लॉर्ड माउंटजॉय आणि गर्दीने दोर कापू दिला नाही, प्राण जाईपर्यंत थांबायला लावले. जमावाला काय वाटत होते, हे या एका गोष्टीतून समजते.

आणि आता पुन्हा फादर स्टीफन्स. विल्टशरमधल्या बुश्टनचे हे तरुण थॉमस पाउंड यांच्यासोबत रोमला निघणार होते. पाउंड पकडले गेले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी या ना त्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटे रोमला पोचले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले, आणि १५७८ मध्ये कैदेतल्या मित्राला संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे अर्ज केला. तो मान्य झाला. ४ एप्रिल १५७९ ला स्टीफन्स लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढच्याच वर्षी तिकडे कॅम्पियन यांनी आपण इंग्लंडमध्ये का आलो, याचे निवेदन लिहून ठेवायला दिले ते याच पाउंड यांच्या हाती, आणि पाउंड यांच्याकडून ते देशभर पसरले. तुमच्या ठरलेल्या परिच्छेदात घालण्यासारखे हे आहे. ‘छळ चालू होता म्हणून गेले’ यापेक्षा खूप नेमके, आणि ‘ख्रिस्तपुराणा’च्या कर्त्याला कॅम्पियनच्या इंग्लंडशी थेट जोडणारे. त्याबरोबर एक दुरुस्तीही करा: स्टीफन्स निघाले तेव्हा सेमिनरीतून आलेल्या धर्मगुरूंचे मरण नुकतेच सुरू झाले होते. १५८५ च्या कायद्यामुळे ते पळाले, असे लिहिले तर सालच जुळत नाही.

मराठी वाचक यापुढे एक प्रश्न विचारणारच, आणि त्याने तो विचारायलाच हवा: मग गोव्यात काय चालले होते? तिथे १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) होते, १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. स्टीफन्स यांनी आयुष्य काढले ते याच साष्टीत. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले, आणि नंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलण्यासाठी बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. तिकडे कॅथलिक सत्तेखाली भरडले जात होते, इकडे कॅथलिक सत्ता दुसऱ्यांना भरडत होती. टायबर्नवर एक पान लिहिले तर असोळण्यावर निदान एक परिच्छेद लिहा. तसे न केल्यास पहिल्या पानावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

संपादकांना शेवटची विनंती छापण्याच्या कामाची आहे. या विषयावरचा लेख हाती आला की प्रत्येक नावापुढे चार गोष्टी आहेत का ते पाहा: इंग्रजी पंचांगाची तारीख, ठिकाण, कायद्याचे साल (१५३४, १५७१, १५८१, १५८५ की १३५२) आणि संत किंवा धन्यवादित ठरल्याचे साल. कायद्याचे साल नसेल तर लेखकाकडे परत पाठवा. चित्र छापायचे असेल तर आगीचे चित्र फक्त फॉरेस्ट यांच्यासाठी ठेवा; बाकी कोणासाठीही लायफर्डच्या जिन्यावरची ती भिंत किंवा एबल यांची घंटा चालेल.

आपले,
इंग्लंडच्या धर्मेतिहासाचे काही मराठी अभ्यासक